पिसाखालची कातडी

चैत्रात एकवीरा आईची यात्रा भरते तेव्हा कार्ल्याच्या डोंगराखाली, वेहेरगावात, चुलींचा धूर दिवसभर हटत नाही. नवस फेडायला आलेली कोळी-आगरी कुटुंबं मोठाल्या पातेल्यांत पाणी उकळत ठेवतात. कापलेला कोंबडा त्या पाण्यात बुडवून काढायचा आणि गरम असतानाच पिसं मुठीमुठीने ओढायची, हे काम बहुधा घरातल्या जाणत्या बाईकडे असतं. तिच्या हाताखाली जी कातडी उघडी पडते ती नीट पाहावी. फिकट पिवळसर, सैल, आणि जिथून पीस निघालं तिथे तिथे एक बारीक उंचवटा. हे उंचवटे अंगभर सारखे नसतात. पाठीवर, मांड्यांवर ते दाट ओळींनी येतात. छातीच्या मधोमध एक पट्टा जवळजवळ मोकळा राहतो. पक्ष्याचं अंग पिसांनी झाकलेलं दिसतं खरं, पण पिसं फुटतात ती ठरावीक पट्ट्यांतच.

त्वचारोगांच्या पुस्तकांत ही कातडी पुन्हा पुन्हा भेटते. माणसाच्या अंगावर काय उमटलं आहे ते सांगायला डॉक्टरांनी हंस, कोंबडी, कावळा, करकोचा अशा कितीतरी पक्ष्यांना बोलावलं आहे. या उपमा मला फार मोलाच्या वाटतात. गंमत म्हणून नव्हे. आपल्यासारख्या सावळ्या माणसांच्या दुखण्याशी त्यांचा जवळचा संबंध आहे म्हणून.

त्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांच्या ओळखीची उपमा लोणावळ्याच्या पावसाळ्यात रोज दिसते. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणारं हे गाव. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजणारी पोरं पाण्याबाहेर येतात, घाटातून चढलेला वारा अंगाला लागतो आणि दंडांवर काटा उभा राहतो. वैद्यकाच्या लॅटिनमध्ये याला ‘क्यूटिस अन्सेरिना’ म्हणतात, हंसाची त्वचा. इंग्रज आणि जर्मन लोकही हंसाचंच नाव घेतात. फ्रेंच, स्पॅनिश आणि चिनी माणसं कोंबडीचं घेतात. जपानी नुसतं पक्ष्याचं. अंगावरच्या जवळजवळ प्रत्येक केसाच्या मुळाला एक सूक्ष्म स्नायू तिरका जोडलेला असतो. थंडी वाजली, भीती वाटली किंवा भजनातली एखादी तान काळजाला भिडली की आपल्या हुकमात नसलेल्या मज्जातंतूंकडून त्याला इशारा जातो. तो आखडतो, केस ताठ होतो आणि मुळाशी कातडी वर उचलली जाते.

त्याच पावसात तुंगार्लीकडे जाताना तारेवर बसलेला बुलबुल पाहावा. नेहमीपेक्षा केवढा तरी मोठा वाटतो. पिसांच्या मुळाशीही बारीक स्नायू असतात. त्यांच्या जोरावर तो पिसं फुलवतो, आत हवा कोंडतो आणि तिच्या उबेवर पाऊस काढतो. डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर पुस्तक लिहिलं, त्यात भीतीने आणि रागाने उभे राहणारे केस आणि फुलणारी पिसं यांचा विचार त्याने एकत्रच केला होता. पुढे २०१६ साली संशोधकांनी दाखवून दिलं की सरड्या-मगरींचे खवले, पक्ष्यांची पिसं आणि आपले केस हे तिन्ही गर्भातल्या कातडीवर एकाच तऱ्हेच्या जाडसर ठिपक्यापासून सुरू होतात. म्हणजे वेहेरगावातल्या त्या कोंबड्याच्या अंगावरचे दाणे आणि भुशीवरच्या पोराच्या दंडावरचे दाणे यांचं नातं दिसण्यापुरतं नाही, ते रक्ताचं आहे. आपल्या अंगावर ऊब धरण्याइतके केस राहिले नाहीत, तरी तो स्नायू अजून राबतो. २०२० साली हार्वर्ड आणि तैवानच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर काम करून सांगितलं की हा स्नायू आणि त्याला लागलेली नस केसाच्या मुळाशी असलेल्या मूळपेशींनाही जागं करते. थंडी लांबली की नवे केस उगवू लागतात, ते या जोडीमुळे.

आपल्या जुन्या वैद्यांना पक्षी ठाऊक नव्हते असं मुळीच नाही. शार्ङ्गधरसंहितेत नाडीची चाल सांगताना पित्ताला चिमणी, कावळा आणि बेडूक आहेत, कफाला हंस आणि पारवा, तिन्ही दोष खवळले की लावा आणि तित्तिर. सुश्रुताने शल्य काढायच्या चिमट्यांना कावळ्याचं, गिधाडाचं, कंक पक्ष्याचं तोंड दिलं, आणि त्यांतलं कंकमुख सर्वांत चांगलं म्हटलं, कारण ते खोल जातं, घट्ट पकडतं आणि सहज बाहेर येतं. लोणावळ्यातच, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापलेल्या कैवल्यधामात, हठप्रदीपिकेची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तिच्यातल्या आसनांत कोंबडा आहे, मोर आहे. एवढे पक्षी अंगाभोवती वावरत असताना कातडीच्या दुखण्यांसाठी मात्र चरक दुसरीकडे वळतो. एककुष्ठाला माशाचे खवले, चर्मकुष्ठाला हत्तीचं कातडं, ऋष्यजिह्वाला हरणाची जीभ, सिध्माला भोपळ्याचं फूल. ‘काकणक’ हे नाव ऐकून कावळा डोळ्यांपुढे येतो, पण तिथली उपमा गुंजेच्या बीची आहे. आपली बोलीही त्याच वाटेने गेली: गजकर्ण, नागीण, चिखल्या. पक्ष्यांच्या उपमा आल्या त्या पाश्चात्त्य वैद्यकाबरोबर, आणि त्यांतल्या बऱ्याचशा आल्या स्वयंपाकघरातून. तिथल्या डॉक्टरांनी पक्षी न्याहाळला तो बहुधा आकाशात नव्हे, पिसं उपटलेला, ताटात येण्याच्या आधीचा.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो.

त्वचेची पाश्चात्त्य पुस्तकं गोऱ्या कातडीवर लिहिली गेली. त्यांतल्या असंख्य उपमा रंगाच्या आहेत: स्ट्रॉबेरीसारखा डाग, पोर्ट वाइनसारखा डाग, सामन माशासारखा चट्टा, दुधाळ कॉफीचे ठिपके. लालीवरून दाह ओळखावा असं पान-पानावर सांगितलेलं असतं. पवन मावळातल्या शेतकऱ्याच्या पाठीवर ती लाली दिसत नाही. तिथे दाह जांभळट दिसतो, कधी करडा, कधी नुसता आजूबाजूच्या कातडीपेक्षा काळपट. लाल रंगाची वाट पाहणाऱ्या डॉक्टरच्या नजरेतून तो निसटू शकतो. लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातला मलोन मुक्वेंडे हा वैद्यकाचा विद्यार्थी याच अडचणीने अस्वस्थ झाला आणि २०२० साली त्याने आपल्या शिक्षकांच्या सोबतीने काळ्या-सावळ्या त्वचेवरच्या लक्षणांची एक पुस्तिका काढली. काम एका विद्यार्थ्याने सुरू केलं याचं कौतुक आहेच, पण ते तोवर व्हायचं राहिलं होतं याचं मला जास्त वाईट वाटतं. आपल्या देशात तर गोरी कातडी हीच अल्पसंख्य आहे.

पक्ष्यांच्या उपमा या गोंधळातून बहुतेक सुटल्या, कारण त्या आकाराच्या आणि स्पर्शाच्या आहेत. पिसं उपटलेल्या कातडीचे दाणे काळ्या दंडावरही बोटाला लागतात. डोळ्याच्या कोपऱ्याशी कावळ्याच्या पावलासारख्या पसरणाऱ्या रेघा कुठल्याही रंगाच्या चेहऱ्यावर तशाच दिसतात. अपवाद एकच आठवतो, करकोच्याचा. नवजात बाळाच्या मानेवर मागे जो गुलाबी डाग असतो त्याला इंग्रजीत करकोच्याने चोच मारल्याची खूण म्हणतात. बाळ करकोचा घेऊन येतो या युरोपातल्या समजुतीवरून ते आलं. आपल्याकडे पाचवीला सटवाई येते, करकोच्याचा तिथे काही संबंध नाही. आणि सावळ्या बाळाच्या मानेवर तो गुलाबी डाग नीट दिसतही नाही. उपमा पक्ष्याची असूनही रंगावर उभी राहिली आणि मावळात निकामी ठरली.

माझी एक मैत्रीण नाणे मावळात डॉक्टर आहे. तिच्या दवाखान्यात मी बरेचदा बसते. दहावी-बारावीतल्या मुली आया-मावश्यांबरोबर येतात, बाह्या वर करून दंड दाखवतात. दंडाच्या मागच्या बाजूला बारीक, कोरडे, खरखरीत दाणे, काहींच्या मांड्यांवरही. नाव लांबलचक आहे, केराटोसिस पिलारिस. सगळे त्याला ‘चिकन स्किन’ म्हणतात. केसाच्या छिद्रात कातडीच्या वरच्या थरातलं केराटिन साचून बूच बसतं, एवढंच ते असतं. रोग म्हणावा असं त्यात काही नाही, ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही, आणि वय वाढतं तसं बहुतेकांचं कमी होतं. युरिया किंवा लॅक्टिक ॲसिडचं मलम नेमाने लावलं की कातडी मऊ राहते. पण तिथे येण्याआधी त्या मुलीचे दंड वजरीने, घासणीने, लिंबाने, बेसनाने इतके रगडलेले असतात की दाण्यांवर ओरखडे आणि ओरखड्यांवर काळे डाग पडलेले असतात. आपल्या कातडीवर छोटी जखमही काळा डाग मागे ठेवू शकते. “अहो काकू, मळ नाहीये तो. तिला घासू नका,” हे वाक्य माझी मैत्रीण इतक्या कळकळीने म्हणते, की समोरची बाई पहिल्यांदा लेकीच्या दंडाकडे मायेने पाहते.

असेच दाणे डोंगराकडेच्या वस्त्यांतल्या मुलांच्या अंगावरही आढळू शकतात, पण तिथे जागा पाहावी लागते. कोपरांवर, गुडघ्यांवर, ढुंगणावर, जरा मोठे, काट्यासारखे टोकदार, मधोमध कडक बूच असलेले दाणे असले तर त्यांना कोंबडीची कातडी म्हणून सोडून देता येत नाही. वैद्यकात त्याला बेडकाच्या कातडीचं नाव आहे, फ्रायनोडर्मा. ते अपुऱ्या खाण्याचं लक्षण आहे: अ जीवनसत्त्व, ब गटातली जीवनसत्त्वं, पोटात जाणारं तेल-तूप, यांतलं काही ना काही कमी पडलेलं असतं. मूल संध्याकाळी अडखळतं का, डोळ्यांना कोरड आहे का, हे तिथे लगेच विचारायला हवं. पक्षी आणि बेडूक, दोन्ही उपमा पाणथळ मावळातल्या प्रत्येकाला कळतील अशा. एकीत घाबरण्यासारखं काही नाही, दुसरीत भूक आहे. दंड की कोपर, एवढ्याशा फरकावर हे ठरतं. अंगणवाडीताईला आणि आशाताईला ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून कुणी शिकवली, तर किती मुलांपर्यंत वेळेवर अंडं आणि औषध पोचेल!

कोंबडीची कातडी आणखी एका दुखण्यात येते, आणि तिथे ती खरोखर इशारा असते. मानेच्या दोन्ही बाजूंना, काखेत, कोपराच्या आतल्या घडीत पिवळट बारीक दाणे जुळून येतात, कातडी सैल पडू लागते आणि हुबेहूब पिसं उपटलेली मान दिसते. स्यूडोझँथोमा इलास्टिकम हे त्याचं नाव, फ्रान्सच्या दारिए या त्वचातज्ज्ञाने १८९६ साली दिलेलं. कातडीला ताण देणारे लवचीक तंतू चुना साचून तुटतात, म्हणून ती लोंबते. दुखत नाही, खाजत नाही. घरचे म्हणतात, मान लवकर म्हातारी झाली. पण तेच तंतू डोळ्याच्या पडद्यामागच्या पातळ थरात असतात, रक्तवाहिन्यांत असतात. स्वीडनच्या ग्रोनब्लाड आणि स्ट्रँडबर्ग यांनी १९२९ साली मानेवरची ही कातडी आणि डोळ्याच्या पडद्यामागच्या भेगा यांची सांगड घातली. त्या भेगांतून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या शिरतात, रक्त सांडतं आणि मधली नजर जाते. मानेवरचे दाणे बहुधा शाळकरी वयात किंवा तरुणपणी येतात, नजरेला धोका पुढे बऱ्याच वर्षांनी. मधली ती वर्षं हातात असतात. डोळ्यांची नियमित तपासणी, डोळ्याला मार बसेल असे खेळ टाळणं, आणि रक्त सांडू लागलंच तर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं, एवढ्यावर पुष्कळ नजर राखता येते. यामागचा जनुक २००० साली सापडला. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच हा आजार होतो, म्हणून आपल्याकडच्या मामेबहीण-आतेभावांच्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. आजार दुर्मीळ आहे. तरी पिसं उपटलेली कोंबडी ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला ती मान ओळखता येईल, आणि त्याने ती ओळखावी.

पायाच्या कुरुपाचं उदाहरण थोडक्यात सांगते. जर्मन माणूस त्याला कोंबडीचा डोळा म्हणतो, चिनीही तेच म्हणतो, डच माणूस मॅगपाय पक्ष्याचा. खालून पाहिलं तर पटतं: कडक गोल कडं आणि मधोमध काचेसारखी बाहुली. ती बाहुली आत टोचते, दुखणं तिचं असतं. सुश्रुताने याला ‘कदर’ म्हटलं, बोराएवढी गाठ, खडा किंवा काटा रुतून झालेली, आणि ती उपटून गरम तेलाने डागायला सांगितलं. मावळात अजून बिब्ब्याचा चटका देतात. बिब्बा भयंकर पोळतो, आणि मधुमेह असलेल्याच्या बधिर पायावर तर तो पाय घालवू शकतो. कुरूप ओळखायला उपमा कामी येते. काढायला मात्र दवाखानाच गाठावा.

उपमा घात कसा करते हे पाहायचं तर नागिणीकडे पाहावं. कांजण्यांचा विषाणू नसेच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबून असतो, वय झालं की एकाच नसेच्या वाटेने फोडांचा पट्टा उठतो. सापाचं नाव पडलं आणि त्याबरोबर भीती आली: तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस मरतो. मग गेरूने रेघ ओढून नागीण अडवायची, मंत्र घालायचा. पट्टा शरीराच्या मध्यरेषेवर थांबतो तो रेघेमुळे नाही. त्या बाजूची नस तिथवरच येते. या सगळ्यात जे तीन दिवस जातात तेच मोलाचे असतात, कारण विषाणूवरच्या गोळ्या पहिल्या बहात्तर तासांत सुरू केल्या तर सर्वांत उपयोगी पडतात. उशीर झाला तर फोड वाळतात पण आग महिनोन्‌महिने राहते. कोंबडीच्या नावाने कुणी मांत्रिकाकडे गेल्याचं मी ऐकलेलं नाही. साध्या, रोजच्या ओळखीच्या जिवाची उपमा माणसाला घाबरवत नाही, हा तिचा मोठाच गुण आहे.

कावळ्याचं पाऊल मात्र मला रोग म्हणवत नाही. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्याला तीन-चार रेघा पसरतात. इंग्रज कवी चॉसरने चौदाव्या शतकातच त्यांना कावळ्याचे पाय म्हटलं होतं. अमेरिकेत २०१३ साली या रेघा पुसायला बोटॉक्सला परवानगी मिळाली. खंडाळ्याच्या घाटात करवंदं-जांभळं घेऊन बसणाऱ्या बायकांच्या डोळ्यांशी त्या रेघा खोल असतात. उन्हाकडे डोळे बारीक करून पाहण्यात आयुष्य गेलेलं असतं. हसून चेहरा सैल झाला की घडीच्या तळाशी न रापलेली, उजळ कातडी दिसते. घडीत ऊन पोचलं नाही, तिथे त्यांचा मूळ रंग उरला आहे. त्या रेघा पुसण्यासारखं काही मला तिथे दिसत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी मनात सलते. आमच्या शाळेत कोड असलेली एक मुलगी होती, तिला वर्गातली मुलं ‘बगळी’ म्हणत. त्याही उपमेत पक्षीच होता. पण ती कुणी तिच्याजवळ जाऊन, तिची कातडी नीट पाहून दिलेली नव्हती. लांबून फेकलेली होती. जवळ जाऊन पाहणाऱ्याला कळलं असतं की त्या पांढऱ्या चट्ट्यावर स्पर्श कळतो, घामही येतो, म्हणजे ते कुष्ठ नाही. कुष्ठाच्या चट्ट्यावर स्पर्श हरवतो, घाम आटतो, केस विरळ होतात. कोड कुणाला लागत नाही. सहावीत तिने शाळा सोडली.

महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या त्वचारोगाच्या अध्यापकांना माझी विनंती आहे. आपल्या सावळ्या कातडीवरच्या दुखण्यांचं एक मराठी चित्रपुस्तक काढा, आशाताईच्या पिशवीत मावेल एवढंच. त्यात रंगाआधी आकार सांगा, बोटाला काय लागतं ते सांगा, आणि उपमा कोंबडीच्या, बेडकाच्या, कावळ्याच्या, इथल्या माणसाने हाताळलेल्या जिवांच्या द्या. आणि वाचकहो, घरात कुणाच्या मानेवर पिसं उपटल्यासारखे पिवळट दाणे दिसले तर थांबू नका, त्यांचे डोळे तपासून घ्या. मुलीच्या दंडावर नुसते कोरडे दाणे असतील तर ते घासू नका, आणि त्यावरून तिला नाव ठेवू नका.